वृद्धाश्रमात बारसं? : मेसिए ८१ च्या तारकागुच्छातला एफआरबी

निशाचर (धागाकर्ता)

एफआरबी, म्हणजे फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हटलं की गप्पा लगेच परग्रहवासीयांकडे वळतात. म्हणून आधीच सांगतो, या धाग्यात ते येणार नाहीत. मला बोलायचंय एका पत्त्याबद्दल. आकाशगंगेबाहेर सापडलेल्या एफआरबींपैकी जो आपल्याला सर्वात जवळचा आहे, तो जिथे सापडला तिथे असायलाच नको होता.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडं मागे जातो. फास्ट रेडिओ बर्स्ट म्हणजे रेडिओ लहरींचा काही मिलिसेकंद टिकणारा झोत. पहिला सापडला २००७ साली. डंकन लोरिमर आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड नार्केविच ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या जुन्या नोंदी तपासत होते. २००१ मधल्या एका नोंदीत पाच मिलिसेकंदांहून कमी वेळाचा, पण जबरदस्त तीव्रतेचा झोत पडून होता. सहा वर्षं त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तो दुरून आलाय हे कळलं अपस्करणावरून. ताऱ्यांमधली आणि दीर्घिकांमधली जागा रिकामी वाटते, पण तिथे सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून वाट काढताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे रेंगाळतात, जास्त वारंवारतेच्या आधी पोचतात. हा उशीर जितका मोठा, तितके वाटेत भेटलेले इलेक्ट्रॉन जास्त. या मापाचं पूर्ण नाव डिस्पर्शन मेझर, पण सगळे 'डीएम'च म्हणतात. लोरिमर यांच्या झोताचा डीएम ३७५ होता, आणि त्या दिशेला आपल्या अख्ख्या आकाशगंगेचा वाटा जेमतेम २५. बाकीचे इलेक्ट्रॉन आकाशगंगेबाहेरचेच असणार.

नंतरची काही वर्षं अशी गेली की हे खरं आहे की यंत्राचा खोडसाळपणा, यावरच वाद चालू होता. २०१६ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींवरून एफआरबी १२११०२ पुन्हापुन्हा झोत फेकतो हे कळलं, २०१७ मध्ये त्याची बटू दीर्घिका सापडली आणि वाद संपला. पुढे कॅनडातल्या चाइम दुर्बिणीने कामाचा वेगच बदलला. २० बाय १०० मीटरचे चार अर्धनळे, हलणारा एकही भाग नाही, पृथ्वी फिरेल तसं आकाश वरून सरकत जातं. त्यांच्या २०२१ च्या पहिल्याच यादीत एका वर्षातले ५३६ झोत होते. त्याआधी सगळ्या जगाकडे मिळून जेमतेम दीडशे जमले होते.

मग २८ एप्रिल २०२०. आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर १९३५+२१५४ नावाच्या मॅग्नेटारने एफआरबीसारखा झोत फेकला, आणि त्याच क्षणी क्ष-किरणही. मॅग्नेटार म्हणजे अतिप्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, आणि न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा आकसून अतिघन झालेला गाभा. पृथ्वीचं क्षेत्र अर्धा गॉस धरलं तर याचं एकावर चौदा शून्यं इतकं गॉस. पुरावा हाती आल्यावर चित्र जवळपास पूर्ण वाटू लागलं. महाकाय तारा सुपरनोव्हा होऊन मरतो, गाभ्याचा मॅग्नेटार होतो, तो काही हजार वर्षं धुमाकूळ घालतो आणि त्याचं क्षेत्र ओसरत जातं. म्हणजे एफआरबी शोधायचे तर नवे तारे जन्मतात तिथे.

आणि याच चित्राला एफआरबी २०२००१२०ई ने खीळ घातली. चाइमने तो टिपला तेव्हा डीएम फक्त ८८ च्या आसपास होता, म्हणजे शेजारचा असणार. मोहित भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की तो सप्तर्षीतल्या मेसिए ८१ या सर्पिल दीर्घिकेशी जोडता येतो. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं. पण चाइमची खूण ढोबळ होती आणि तेवढ्या जागेत बरंच काही मावतं. नेमकी जागा काढली ती युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्कने. देशोदेशीच्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच ठिकाणी रोखायच्या, अणुघड्याळांनी नोंदी जुळवायच्या आणि मिळून एकच महाकाय दुर्बीण करायची. फ्रान्झ कर्स्टन आणि सहकाऱ्यांचा निबंध २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. झोत येत होते दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका बंदिस्त तारकागुच्छातून.

बंदिस्त तारकागुच्छ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेला लाखो ताऱ्यांचा गोळा, आणि हे तारे विश्वातल्या सर्वात म्हाताऱ्यांपैकी. या गुच्छाचं वय सुमारे ९०० कोटी वर्षं, वस्तुमान सहा लाख सूर्यांच्या आसपास. सूर्याच्या आठपट किंवा जास्त वजनाचे तारे, ज्यांचा सुपरनोव्हा होतो, ते जन्मानंतर पहिल्या चार-पाच कोटी वर्षांतच संपतात. म्हणजे या गुच्छात शेवटचा असा स्फोट ८५०-९०० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यातून मॅग्नेटार निघालाही असेल, पण तो कधीच थंड पडला असणार. वृद्धाश्रमातून बारशाचं आमंत्रण यावं तसा हा प्रकार आहे.

माझं मत सांगतो, त्यावर चर्चा व्हावी. मॅग्नेटार बाद झाला असं मला वाटत नाही. धक्का बसलाय तो 'मॅग्नेटार फक्त महाकाय ताऱ्याच्या मरणातून होतो' या समजुतीला. झोत कोण फेकतं यापेक्षा तो फेकणारा जन्मतो कसा, हा प्रश्न आता जास्त मोलाचा झालाय. तारकागुच्छात तरुण न्यूट्रॉन तारा घडवायचा दुसरा रस्ता आहे आणि तो श्वेत खुज्या ताऱ्यांवरून, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मेल्यावर उरलेल्या गाभ्यांवरून, जातो. त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, धागा आधीच लांबलाय.

दुर्बीणवाला

उत्तम धागा! मेसिए ८१ साध्या द्विनेत्रीतूनही काळोख्या आकाशात धूसर ठिपक्यासारखी दिसते, शेजारी मेसिए ८२. योहान बोडे यांनी १७७४ मध्ये ही जोडी शोधली. आता पाहताना हे डोक्यात राहणार. येऊ द्या पुढचं.

नवखी

बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. २०२००१२०ई हे कसलं नाव? आणि काही एफआरबी पुन्हा होतात, काही एकदाच, म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

निशाचर

@नवखी, हसण्यासारखं काहीच नाही. नाव म्हणजे तारीख: २०२० सालचा ०१ महिना, २० तारीख. त्या दिवशीच्या नोंदींना ए, बी, सी अशी अक्षरं लागतात, याला ई मिळालं. पुन्हा होणाऱ्यांना पहिल्या झोताचंच नाव चिकटून राहतं.

दुसरा प्रश्न बाळबोध मुळीच नाही, यावर अजून भांडणं चालू आहेत. पुन्हापुन्हा होणाऱ्यांचे झोत साधारण जास्त वेळ टिकतात आणि वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यात येतात, एकदाच दिसलेल्यांचे आखूड आणि रुंद पट्ट्याचे. पण 'एकदाच दिसला' याचा अर्थ 'एकदाच झाला' असा होत नाही. कदाचित बाकीचे झोत इतके मंद असतील की आपल्या दुर्बिणींना ते कळतच नसतील. मेसिए ८१ वाला पुन्हापुन्हा होणारा आहे, आणि कधीकधी अंगात आल्यासारखा. जर्मनीतल्या १०० मीटरच्या एफेल्सबर्ग दुर्बिणीला एकदा ४० मिनिटांत ५३ झोत मिळाले होते.

खडूस

चांगलं लिहिलंय, पण आमचं नाव खडूस आहे तेव्हा खुसपट काढणं भाग आहे.

एक. दीर्घिकेच्या आसपास गुच्छ असतातच. योगायोगाने एक त्या रेषेत आला असेल तर? दोन. एकाच उदाहरणावर एवढा डोलारा? तीन. या क्षेत्राचा इतिहास काही फार उज्ज्वल नाही. पार्क्सलाच 'पेरिटॉन' नावाचे झोत कित्येक वर्षं दिसत होते, थेट एफआरबीसारखे. २०१५ मध्ये छडा लागला तेव्हा काय निघालं? जेवण गरम करायचा मायक्रोवेव्ह! तो थांबायच्या आत कुणीतरी दार उघडायचं आणि दुर्बिणीला ब्रह्मांडाचं गूढ दिसायचं.

निशाचर

@खडूस, मायक्रोवेव्हची गोष्ट खरी आहे आणि मला ती फार आवडते, पण ती उलट बाजूने वाचा. पेरिटॉन दुर्बिणीच्या सगळ्या दिशांच्या ग्राहकांत एकदम दिसायचे, आणि तेही माणसांच्या कामाच्या वेळात. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी तेच वापरून त्यांना एफआरबींपासून वेगळं काढलं. मेसिए ८१ चा झोत तर वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींनी एकत्र टिपला. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांनी कट केला असं म्हणायचं असेल तर मी हात टेकले.

योगायोगाचं म्हणाल तर, झोताची जागा गुच्छाच्या केंद्रापासून जेमतेम सहा-सात प्रकाशवर्षांवर येते. त्या भागात गुच्छ किती विरळ आहेत ते पाहता, असा नेम योगायोगाने बसायची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. फक्त एक लक्षात घ्या. हे एकच उदाहरण सर्वात जवळचं आहे. याचे झोत दूरच्या एफआरबींच्या मानाने फारच दुबळे आहेत. हाच स्रोत १०० कोटी प्रकाशवर्षांवर असता तर आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता. शेजारी बघितलं आणि पहिलाच असा निघाला, म्हणजे लांब असे ढिगाने असतील आणि आपण त्यांना मुकत असू, ही शंका रास्त आहे.

मृगा

खूप दिवसांनी लॉग इन केलं, या विषयामुळे राहवलं नाही. गुच्छाच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगते, म्हणजे दुसरा रस्ता समजेल.

सूर्याला सर्वात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर. दाट गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत हजारो-लाखो तारे कोंबलेले असतात. तिथे तारे एकमेकांच्या इतक्या जवळून जातात की जोड्या बनतात, मोडतात, एखादा तिसरा तारा येऊन एकाला हाकलतो आणि त्याची जागा घेतो. जड वस्तू हळूहळू गाभ्याकडे बुडत जातात, हलक्या बाहेर फेकल्या जातात. जुन्या गुच्छात जड म्हणजे कोण? न्यूट्रॉन तारे आणि वजनदार श्वेत खुजे. श्वेत खुजे तर तिथे हजारोंनी असतात.

आता दोन श्वेत खुज्यांची जोडी जमली, गुरुत्वलहरी सोडत सोडत जवळ आली आणि एक झाली, तर एकूण वस्तुमान १.४ सूर्यांची चंद्रशेखर मर्यादा ओलांडू शकतं. मग स्फोट होऊन सगळं उधळतं, किंवा गोळा आत कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा होतो. दुसरा प्रकार असा की एकच श्वेत खुजा जोडीदाराकडून वायू ओढून मर्यादेपर्यंत पोचतो आणि कोसळतो. एवढा मोठा गोळा वीसेक किलोमीटरच्या व्यासात आकसला की फिरकीचा वेग आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही अफाट वाढतात. म्हणजे तरुण मॅग्नेटार तयार, आणि जवळपास एकही तरुण तारा नको!

कायल क्रेमर, अँथनी पायरो आणि डॉंगझी ली यांनी २०२१ मध्येच श्वेत खुज्यांच्या मीलनाच्या या मार्गाचं गणित मांडलंय.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. सुपरनोव्हातून जन्मलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याला जन्मतःच लाथ बसते, सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाची. गुच्छातून सुटायला सेकंदाला काही दहा किलोमीटर पुरतात. म्हणजे सुपरनोव्हातले बहुतेक न्यूट्रॉन तारे गुच्छ सोडून पळालेलेच असणार. श्वेत खुजा शांतपणे कोसळला तर लाथ हलकी बसते आणि पोर घरातच राहतं.

आकडेमोड

मृगाताई, छान समजावलंत. मी जरा हिशोब लावून बघतो. सगळे आकडे 'समजा' या सदरातले आहेत.

समजा असा मॅग्नेटार १०,००० वर्षं झोत फेकतो. समजा आपल्या आसपासच्या दीर्घिकांत मिळून हजार गुच्छ नीट तपासले गेलेत, आणि त्यांत या घडीला एक चालू सापडला. म्हणजे हजार गुच्छांत मिळून दर १०,००० वर्षांना एक जन्म. एका गुच्छाच्या वाट्याला एक कोटी वर्षांत एक. गुच्छाचं वय ९०० कोटी वर्षं, म्हणजे आजवर एकेका गुच्छात ९०० असे जन्म!

हे मला पचत नाही. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या बंदिस्त गुच्छांत मिळून आजवर सापडलेले पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक ठेक्याने रेडिओ स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे, तीनशेहून थोडे जास्त आहेत. टर्झान ५ सारख्या भरभक्कम गुच्छात पन्नासेक. ९०० गेले कुठे?

खडूस

आकडेमोड साहेब, मी नेमकं हेच म्हणणार होतो, फक्त मला गणित येत नाही.

निशाचर

@आकडेमोड, हिशोब अगदी योग्य जागी बोट ठेवतो. यातून सुटायच्या दोन वाटा मला दिसतात.

पहिली: १०,००० वर्षं हा आकडा आपण आपल्या आकाशगंगेतल्या मॅग्नेटारांवरून उचलतो, आणि ते सगळे सुपरनोव्हातले. मीलनातून झालेल्याचं क्षेत्र थोडं कमी असेल आणि ते सावकाश ओसरत असेल, तर आयुष्य शंभरपट होऊ शकतं. आयुष्य १० लाख वर्षं धरा, की ९०० चे ९ होतात आणि गणित माणसात येतं. याचे झोत दुबळे आहेत हेही त्याच्याशी जुळतं.

दुसरी: सगळे जन्मलेले आज पल्सार म्हणून दिसायला हवेत असं नाही. मोठ्या क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा भरभर मंदावतो आणि गप्प होतो. त्याला पुन्हा जोडीदार मिळून गिरकी मिळाली तरच तो मिलिसेकंद पल्सार, म्हणजे काही मिलिसेकंदांत एक गिरकी मारणारा पल्सार, म्हणून परत बोलू लागतो. गुच्छांतल्या मिलिसेकंद पल्सारांचा तर सुकाळच आहे. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधलेला पहिला पल्सारही एनजीसी १८५१ या बंदिस्त गुच्छातलाच होता, २००४ साली.

आणि हे बघा: एनजीसी ६४४० आणि एनजीसी ६६२४ या गुच्छांत असे पल्सार आहेत जे संथ फिरतात, ज्यांचं क्षेत्र नेहमीच्या तरुण पल्सारांसारखं आहे आणि ज्यांचं गिरकीवरून काढलेलं वय गुच्छाच्या वयापुढे अगदीच कोवळं आहे. त्यांचा जन्म पहिल्या सुपरनोव्हांच्या काळातला मानणं फार अवघड आहे. म्हणजे म्हाताऱ्या गुच्छांत कुणीतरी अलीकडेही न्यूट्रॉन तारे घडवतंय. मला हा पुरावा एफआरबीइतकाच दमदार वाटतो.

अनुजा_भौतिक

मुळात मॅग्नेटारच का? गुच्छात मिलिसेकंद पल्सार आहेत, क्ष-किरणी जोडतारे आहेत, त्यांना का सोडायचं?

केन्झी निमो आणि सहकाऱ्यांनी याच स्रोताच्या झोतांची बारीक चिरफाड केली तेव्हा त्यांत ६० नॅनोसेकंदांइतक्या अरुंद शलाका सापडल्या. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो! म्हणजे ती शलाका जिथून निघाली तो पट्टा एखाद्या इमारतीएवढा असेल. (वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूतून निघाली असेल तर हा हिशोब बदलतो, पण तरीही चकित करणारंच.) अशा नॅनोसेकंदी शलाका आपल्याला आधीपासून माहीत आहेत त्या खेकडा तेजोमेघातल्या पल्सारच्या. १०५४ सालच्या सुपरनोव्हाचा तो अवशेष. तो मॅग्नेटार नाही, साधा तरुण पल्सार आहे. मेसिए ८१ चे झोत तेजस्वितेच्या दृष्टीने खेकड्याच्या शलाका आणि दूरचे एफआरबी यांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

मृगा

अनुजा, रास्त शंका. जोडताऱ्यांबद्दल एवढं सांगता येईल की क्ष-किरण दुर्बिणींनी या गुच्छावर पाळत ठेवली आहे आणि रेडिओ झोत आला त्या क्षणीही तिथे क्ष-किरणांचा मागमूस दिसला नाही. त्यामुळे अतितेजस्वी क्ष-किरणी जोडतारा बाद होतो. एसजीआर १९३५ इतका साधा क्ष-किरण स्फोट मात्र एवढ्या लांबून दिसला नसता, म्हणून मॅग्नेटार टिकून राहतो.

खेकड्यासारख्या पल्सारबद्दल माझा आक्षेप ऊर्जेचा आहे. पल्सार आपली गिरकी खर्च करून चमकतो. एवढे जोरकस झोत गिरकीतून काढायचे तर तो खूप तरुण आणि खूप वेगवान हवा, आणि तसा असेल तर तो काही वर्षांत-दशकांत मंदावेल. मॅग्नेटारकडे चुंबकीय क्षेत्राची वेगळी पुंजी असते. जन्माचा पेच दोघांनाही सारखाच, हे मात्र मान्य.

आणखी, झोत तरुण न्यूट्रॉन ताऱ्याच्या अगदी जवळच, त्याच्या चुंबकावरणात उठतात की लांब, हा वाद या ६० नॅनोसेकंदांनी बराचसा जवळच्या बाजूला झुकवलाय.

खडूस

ठीक. एक गुच्छ मानला. पण २०२४ मध्ये क्रिती शर्मा आणि सहकाऱ्यांनी ३० एफआरबींचे पत्ते तपासले, तेव्हा बहुतेक सगळे नवे तारे घडवणाऱ्या, त्यातही वजनदार दीर्घिकांत निघाले. म्हणजे बहुसंख्यांचा जन्म महाकाय ताऱ्यांशीच जोडलेला. तुमचा गुच्छवाला अपवाद म्हणून कपाटात ठेवायला काय हरकत आहे?

निशाचर

ठेवला असता. पण २०२४ च्या फेब्रुवारीत चाइमला एफआरबी २०२४०२०९ए सापडला. जुलैपर्यंत त्याने २२ झोत फेकले. सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं अंतर, आणि पत्ता लागला तो अशा दीर्घिकेच्या काठावर की जिने तारे घडवणं कधीच थांबवलंय. वय सुमारे ११३० कोटी वर्षं, वजन १०,००० कोटी सूर्यांहून जास्त. झोताची जागा तिच्या केंद्रापासून सुमारे १,३०,००० प्रकाशवर्षं दूर. एवढ्या बाहेर तारेच विरळ असतात, बंदिस्त गुच्छ मात्र असतात, आणि मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती तर हजारोंनी. २०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एकटा गुच्छ डोळ्यांना दिसणं महाकठीण, म्हणून 'गुच्छातलाच' असा शिक्का मारता येत नाही. पण तरुण महाकाय ताऱ्याला तिथे जागा नाही हे नक्की.

शर्मा यांचा निष्कर्ष मला मान्यच आहे. बहुतेक एफआरबी सुपरनोव्हातून आलेले असतील आणि काही मीलनातून. दोन रस्ते एकाच वस्तूकडे जाऊ शकतात, आणि कोणत्या रस्त्याने किती येतात हे फक्त पत्त्यांवरून ठरेल. झोताकडे कितीही टक लावून पाहिलं तरी त्यात जन्मदाखला छापलेला नसतो.

नवखी

पण मग सगळ्यांचेच पत्ते का काढत नाहीत? एवढे शेकडो सापडलेत म्हणता.

आकडेमोड

@नवखी, कारण झोत मिलिसेकंदाचा. पुन्हापुन्हा होणारा असेल तर युरोपची जोडणी लावून वाट बघत बसता येतं. एकदाच होणाऱ्यासाठी तो येतो त्याच क्षणी दुर्बिणींचं जाळं तयार हवं. चाइमने आता त्यासाठीच हजारो किलोमीटर पसरलेल्या जोड-दुर्बिणी उभ्या केल्यात. त्याचं पहिलं मोठं फळ म्हणजे मार्च २०२५ चा एफआरबी २०२५०३१६ए: १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४१४१ दीर्घिका, आणि जागा ४५ प्रकाशवर्षांइतकी अचूक. तेही एकाच झोतावरून! तो नवे तारे घडवणाऱ्या भागाच्या अगदी काठावर निघाला, आत नाही. जेम्स वेब दुर्बिणीला तिथे एक अंधुक अवरक्त ठिपकाही दिसला. निशाचर यांच्या दोन रस्त्यांपैकी कुठल्या खात्यात टाकायचा हा?

निशाचर

पहिल्याच. काठावर असला तरी शेजारच्या नव्या ताऱ्यांच्या भागातून निघून थोडा सरकलेला असू शकतो, मृगाताईंनी सांगितलेली लाथ आठवा. पण यावर पैज लावणार नाही.

दुर्बीणवाला

एक विचारायचं राहिलं. चीनची ५०० मीटरची फास्ट दुर्बीण सगळ्यात मोठी ना? मग मेसिए ८१ साठी १०० मीटरच्या एफेल्सबर्गवर का अवलंबून राहायचं? फास्टने तर दिवसात शेकडो झोत मोजले असते.

आकडेमोड

कारण फास्टला मेसिए ८१ दिसतच नाही. तिची वाटी जमिनीत बसवलेली आहे, माथ्यापासून ४० अंशांपलीकडे ती पाहू शकत नाही. फास्ट उत्तर अक्षांश २५-२६ वर, म्हणजे आकाशात साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत तिची मजल. मेसिए ८१ आहे ६९ अंशांवर. चार अंशांनी हुकलं!

तिला दिसू शकणारं खरं लक्ष्य म्हणजे कन्या राशीतली मेसिए ८७. तिच्याभोवती बंदिस्त गुच्छ आहेत १२,००० च्या घरात, आणि सगळे फास्टच्या टप्प्यात. अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे मेसिए ८१ च्या साडेचारपट, त्यामुळे असाच झोत तिथून वीसेक पट मंद दिसेल. फास्टची क्षमता पाहता त्यातले जोरकस तेवढे हाती लागतील. माझ्या वरच्या हिशोबातल्या हजार गुच्छांच्या जागी १२,००० टाका. १० लाख वर्षांचं आयुष्य खरं असेल तर तिथे या क्षणी डझनभर चालू असायला हवेत. लांबून त्यातला एखादाच दिसला तरी चालेल. पुरेसा वेळ पाळत ठेवूनही काहीच नाही मिळालं, तर निशाचर यांच्या पहिल्या वाटेला कुलूप.

खडूस

हे मला पटलं. चुकीचं ठरू शकेल असं काहीतरी शेवटी या धाग्यात कुणीतरी बोललं.

निशाचर

@आकडेमोड, मान्य, फक्त एक अट घालतो. मेसिए ८१ वाला बराच काळ गप्प असतो आणि मग ४० मिनिटांत ५३ वेळा बोलतो. मेसिए ८७ कडे आज एक तास, मग पुढच्या महिन्यात एक तास असं बघून 'काही नाही' म्हणता येणार नाही. सलग, लांब पाळत लागेल, आणि फास्टचा वेळ मिळवायला किती जण रांगेत असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.